पॉलिहाउसमधील गुलाबाच्या मुळांवर गाठी: सूत्रकृमींची खात्री कशी करावी आणि उभ्या पिकात काय करता येईल?

कोरेगाव_फुलशेती (कोरेगाव, जि. सातारा)

नमस्कार. कोरेगाव तालुक्यात आमचे २० गुंठ्यांचे पॉलिहाउस असून त्यात टॉप सिक्रेट या लाल वाणाच्या डच गुलाबाची लागवड आहे. झाडांचे हे चौथे वर्ष. लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळून केलेले गादीवाफे, प्रत्येक वाफ्यावर दोन ओळी आणि ठिबकमधून विद्राव्य खते अशी नेहमीचीच पद्धत आहे. पहिली दोन वर्षे ६० सेंटिमीटरचा दांडा सहज मिळत होता. या पावसाळ्यापासून मात्र दाराकडच्या काही वाफ्यांमध्ये दांडा ४० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, कळी बारीक राहते, बेंडिंगनंतर (फांद्या खाली वाकवल्यानंतर) बुंध्यातून जाड फुटवा येण्याऐवजी बारीक काड्या येतात आणि वाफ्यात पुरेशी ओल असतानाही भर दुपारी शेंडे माना टाकतात. संध्याकाळी झाड पुन्हा सावरते. बाकीच्या वाफ्यांना तेच पाणी, तीच खते आणि तीच फवारणी असून ते उत्तम आहेत.

पाने फिकट दिसत असल्यामुळे एका सल्लागारांच्या सांगण्यावरून चिलेटेड लोह दिले, परंतु फरक टिकला नाही. शेवटी एक कमजोर झाड खणून काढले आणि बादलीत मुळे हलक्या हाताने धुतली. जाड मुळे बरी होती. मात्र पांढरी मुळी फारच थोडी होती आणि जी होती तिच्यावर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी जागोजागी ओवल्यासारख्या होत्या. प्रत्येक गाठीच्या आसपास केसांसारख्या तंतुमुळांचा झुपका होता.

दुकानदार म्हणतात की हे निमॅटोड, म्हणजे मुळांवर जगणारे सूक्ष्म सूत्रकृमी आहेत, एक औषध ठिबकमधून सोडा म्हणजे संपेल. शेजारचे बागायतदार म्हणतात की ही क्राउन गॉल आहे, झाडे काढून जाळा. फेब्रुवारीचा बाजार तोंडावर असताना झाडे काढण्याचा निर्णय घाईने घ्यायचा नाही आणि खात्री नसताना औषधावरही खर्च करायचा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आष्टा_पॉलिहाउस (आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली)

दादा, तुमचे वर्णन वाचून क्राउन गॉलची शक्यता मला कमी वाटते. क्राउन गॉल हा ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूमुळे होणारा रोग असून त्याची गाठ बहुतेक वेळा जमिनीलगत, डोळा भरलेल्या जोडाजवळ किंवा जाड मुळांवर येते. ती खडबडीत असते, जुनी झाली की लाकडासारखी टणक होते आणि लिंबापेक्षाही मोठी होऊ शकते. सूत्रकृमीची गाठ बारीक मुळीवर असते आणि मुळाला बाजूने चिकटलेली नसून मुळीच त्या जागी फुगलेली असते. बोटाने चोळली तरी ती गळून पडत नाही. भुईमुगाच्या किंवा तागाच्या मुळांवरील नत्राच्या गाठी चोळल्यावर निघून येतात आणि चिरल्यावर आतून गुलाबी दिसतात, हा फरक आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे.

खात्रीसाठी पुढील गोष्ट आजच करून पाहा. ताज्या मुळांतील एक टपोरी गाठ निवडा, ती पांढऱ्या बशीत पाण्याच्या थेंबात ठेवा आणि नव्या ब्लेडने उभी, अगदी पातळ चिरा. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग लावून, बशी उन्हाकडे तिरकी धरून पाहिल्यास आत टाचणीच्या डोक्याहून लहान, मोत्यासारखी चकचकीत पांढरी, एका टोकाला निमुळती पिशवी दिसते. ती सूत्रकृमीची मादी. ब्लेडच्या टोकाने हलकेच दाबल्यास ती फुटून दुधाळ द्रव बाहेर येतो. गाठीच्या बाहेरच्या अंगाला पिवळसर तपकिरी, चिकट असा बारीक ठिपका दिसल्यास तो अंडीपुंज समजावा. गुलाबाची मुळे लवकर काष्ठमय होतात, त्यामुळे जुनी तपकिरी गाठ चिरून काहीच हाती लागत नाही. पांढरी किंवा फिकट गाठच घ्यावी.

दुसरा उपाय टोमॅटोचा आहे. आजारी वाफ्यातील मुळांजवळची माती एका कुंडीत आणि चांगल्या वाफ्यातील माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत टोमॅटोचे रोप लावावे. कुंड्या शेजारी ठेवाव्यात, पण एकीचे निचऱ्याचे पाणी दुसरीत जाऊ देऊ नये. पाच-सहा आठवड्यांनी रोपे उपटून मुळे धुतली की उत्तर मिळते. टोमॅटोवर गाठी गुलाबापेक्षा खूप मोठ्या येतात, त्यामुळे भिंगाचीही गरज लागत नाही. संकरित टोमॅटोच्या पुष्कळ वाणांत गाठीच्या सूत्रकृमीला प्रतिकार करणारे जनुक असते; तसे रोप लावल्यास माती स्वच्छ असल्याचा खोटा दिलासा मिळेल, म्हणून साधा, जुना देशी वाण वापरावा.

आजारी वाफे दाराकडचेच का, याचाही विचार करा. सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षाला फार तर हातभर अंतर सरकते. बाकी सारा प्रवास तिला आपण घडवितो: मजुरांच्या पायाला लागलेली माती, खुरपी, बाहेरच्या शेतातून आलेले पाणी, शेणखत आणि रोपे.

निवृत्त_कृषी_अधिकारी (कराड, जि. सातारा)

वरील उत्तर योग्य आहे. त्यात थोडी भर घालतो, कारण 'निमॅटोड' या एकाच नावाखाली आपण अगदी वेगवेगळे प्राणी एकत्र करतो आणि मग एकाचा उपाय दुसऱ्याला लावतो.

गुलाबाला प्रामुख्याने तीन गटांतील सूत्रकृमींचा उपद्रव होतो. पहिला गट गाठीच्या सूत्रकृमींचा, म्हणजे मेलॉयडोगायनी या प्रजातीचा. जगभरातील गुलाबशेतीत थंड भागांत मेलॉयडोगायनी हॅप्ला ही जाती सर्वांत त्रासदायक मानली जाते. आपल्यासारख्या उष्ण भागात मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा आणि जावानिका अधिक आढळतात. हॅप्लाच्या गाठी लहान असतात आणि त्यांच्याभोवती तंतुमुळांचा झुपका येतो. आपण वर्णन केलेला झुपका तिच्याकडे बोट दाखवितो, परंतु एवढ्यावरून जाती ठरवू नये, कारण गुलाबावर इतर जातींच्या गाठीही फार मोठ्या होत नाहीत.

दुसरा गट मुळांत जखमा करणाऱ्या प्रॅटिलेंकसचा. नेदरलँड्समधील गुलाबांत प्रॅटिलेंकस पेनेट्रन्स आणि उष्ण भागांतील तसेच काचघरांतील गुलाबांत प्रॅटिलेंकस व्हल्नस यांनी पुष्कळ नुकसान केले आहे. ही सूत्रकृमी गाठ करीत नाही. ती मुळाच्या सालीत आयुष्यभर हिंडत, पेशी रिकाम्या करीत पुढे जाते. मुळांवर प्रथम तांबूस व नंतर काळपट चट्टे पडतात, ते एकमेकांत मिसळतात आणि पांढरी मुळी उरत नाही. जमिनीवरची लक्षणे मात्र हुबेहूब आपण सांगितली तशीच असतात. गाठ दिसली नाही म्हणून सूत्रकृमी नाही, असा निष्कर्ष काढणारे बागायतदार येथेच फसतात. टोमॅटोच्या कुंडीतही ही सापडणार नाही.

तिसरा गट झिफिनेमाचा. ही मातीतच राहते आणि लांब, सुईसारखा भाला मुळाच्या टोकात खुपसून रस शोषते. टोक वाकडे होऊन फुगते. युरोपातील गुलाबांत झिफिनेमा डायव्हर्सिकॉडेटम ही जाती विषाणूही पसरविते. सूत्रकृमी वनस्पतींच्या विषाणूची वाहक असू शकते, हे प्रथम १९५८ साली कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या फॅनलीफ रोगाच्या अभ्यासातून सिद्ध झाले. तेथील वाहक याच प्रजातीतील झिफिनेमा इंडेक्स होती.

गाठीच्या सूत्रकृमीचे जीवनचक्र नीट समजले तर औषध केव्हा चालते आणि केव्हा वाया जाते हेही समजते. अंड्यातून बाहेर येणारी दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात आणि तीच तेवढी मातीतून फिरून मुळात शिरतात. मुळाच्या टोकामागून आत गेल्यावर ती एका जागी स्थिरावतात आणि आपल्या लाळेने आसपासच्या काही पेशींना अवाढव्य करून त्यांवर पोसली जातात. झाडाने पानांत तयार केलेले अन्न फुलाकडे जाण्याऐवजी तिकडे वळते. मादी पुढे जागची हलत नाही. फुगते आणि चिकट आवरणात काही शे अंडी घालते. आपल्याकडच्या बहुतेक जातींना त्यासाठी नराचीही गरज नसते. मातीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर हे सारे चक्र साधारणतः चार आठवड्यांत पुरे होते. पॉलिहाउसमध्ये वर्षभर ओल, ऊब आणि जिवंत मुळे असतात, म्हणजे तिला विश्रांती घेण्याचे कारणच उरत नाही. गाठीची सूत्रकृमी सर्वप्रथम नोंदली गेली तीही इंग्लंडमधील काचघरातल्या काकडीच्या मुळांवर, १८५५ साली. बर्कले यांच्या त्या नोंदीपासून आजवर बंदिस्त शेती आणि हा प्राणी यांची सोबत सुटलेली नाही.

यावरून दुकानदारांच्या 'संपेल' या शब्दाचे उत्तर मिळते. आळवणीचे, म्हणजे पाण्यातून मुळांशी सोडायचे औषध मुख्यतः मातीतील पिल्लांवर काम करते. मुळाच्या आत बसलेली मादी आणि चिकट आवरणातील अंडी यांपर्यंत ते अपुरेच पोहोचते आणि झालेली गाठ कोणत्याही औषधाने विरत नाही. उभ्या पिकात सूत्रकृमींची संख्या खाली ठेवता येते, निर्मूलन होत नाही. उद्दिष्ट तेवढेच ठेवले तर खर्चाचा हिशेब बसतो.

प्रयोगशाळेकडे नमुना अवश्य पाठवा. नमुना घेताना पूर्ण वाळलेले झाड टाळावे, कारण मेलेल्या मुळांतून सूत्रकृमी निघून गेलेली असते. आजारी पट्ट्याच्या कडेची, अजून जिवंत पण कमजोर झाडे निवडावीत. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर बाजूला करून १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरून, ठिबकच्या ओल्या पट्ट्यातून, दहा-पंधरा ठिकाणची माती बारीक मुळांसह घ्यावी, हलकेच मिसळावी आणि त्यातील सुमारे अर्धा किलो माती व मूठभर तंतुमुळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधावीत. माती वाळवू नये आणि चाळूही नये. खतासाठीच्या माती परीक्षणाची सवय असल्यामुळे अनेक जण ती सावलीत वाळवून देतात, तेव्हा तपासण्यासारखे त्यात काही उरत नाही. पिशवी उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापू देऊ नये. चांगल्या वाफ्याचा नमुना वेगळ्या पिशवीत द्यावा आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ पडेल, सांगलीकडच्यांना कांचनपूरचे. तेथून पुढे नमुना कोठे पाठवायचा ते सांगतील. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर स्वतंत्र काम चालते. अहवालात केवळ 'निमॅटोड आढळले' एवढे न घेता कोणती प्रजाती आणि ठरावीक मातीमागे किती संख्या हे मागून घ्यावे, कारण कुजलेले पदार्थ व जिवाणू खाऊन जगणाऱ्या निरुपद्रवी सूत्रकृमी चांगल्या शेणखताच्या मातीत हजारोंनी असतात आणि त्यांची संख्या मोठी असणे ही मातीची तक्रार नव्हे.

तासगाव_द्राक्ष (तासगाव, जि. सांगली)

गुलाब माझा विषय नाही, पण खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधतात त्याचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे द्राक्षबागा स्वतःच्या मुळांवरून डॉगरिज खुंटावर गेल्या. क्षार आणि पाण्याची टंचाई ही त्याची मुख्य कारणे सांगितली जातात. तथापि व्हायटिस चॅम्पिनीपासून आलेला हा खुंट गाठीच्या सूत्रकृमीलाही दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. गुलाबात तसा खुंट मिळत नाही का?

निवृत्त_कृषी_अधिकारी (कराड, जि. सातारा)

प्रश्न अगदी योग्य आहे. पॉलिहाउसच्या डच गुलाबासाठी आपल्याकडे नाताल ब्रायर हा खुंट पुष्कळ वापरला जातो. जगात इतरत्र रोझा मल्टिफ्लोरा, रोझा कॅनिना, मॅनेटी आणि रोझा इंडिका यांचे निरनिराळे प्रकार वापरतात. गुलाबाची अडचण अशी की एका जातीच्या सूत्रकृमीला टिकणारा खुंट दुसरीला सहज बळी पडतो. गाठ धरत नाही म्हणून निवडलेल्या खुंटात प्रॅटिलेंकस सुखाने वाढू शकते. त्यामुळे आपल्या मातीत कोणती सूत्रकृमी आहे हे माहीत नसताना 'निमॅटोडला प्रतिकारक कलम' म्हणून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या वाळूच्या, सूत्रकृमींनी भरलेल्या जमिनीत फॉर्च्युनियाना खुंटावरचे गुलाब वर्षानुवर्षे टिकतात, परंतु तो उघड्यावरील बागेचा अनुभव आहे. रोपवाटिकेत कलम कोणत्या खुंटावर आहे एवढे तरी लिहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ते सांगताही येत नाही, ही खरी खेदाची बाब आहे.

कोरेगाव_फुलशेती (कोरेगाव, जि. सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. गाठ चिरून पाहिली. पहिल्या दोन-तीन गाठींत काही दिसले नाही, नंतर एका कोवळ्या गाठीत आष्ट्याच्या दादांनी सांगितली तशीच पांढरी, चमकणारी पिशवी स्पष्ट दिसली आणि दाबल्यावर फुटली. चांगल्या वाफ्यातील एका झाडाच्या बाजूची माती उकरून मुळे पाहिली, त्यांवर गाठी नाहीत. दोन्ही ठिकाणचे नमुने बोरगावला दिले आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दाराकडचे वाफे सर्वांत शेवटी भरले होते आणि तेव्हा लाल माती कमी पडल्यामुळे आमच्याच आल्याच्या रानातील माती व तेथेच पडलेले शेणखत त्यांत मिसळले होते. याचा संबंध असू शकतो का? तसेच गुलाबाच्या दोन ओळींमध्ये झेंडू लावल्यास सूत्रकृमी मरतात असे सर्वत्र वाचायला मिळते, त्यात कितपत तथ्य आहे? घरात फोरेट या कीटकनाशकाची जुनी पिशवी आहे, ती वापरावी का?

निवृत्त_कृषी_अधिकारी (कराड, जि. सातारा)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. फोरेट वापरू नये. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. शिवाय बंदिस्त पॉलिहाउसमध्ये रोज फुले तोडणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ते अत्यंत विषारी आहे. पिशवी फोडू नये आणि ती ओढ्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नये. तालुका कृषी कार्यालयात विचारून विल्हेवाट लावावी.

आल्याच्या मातीचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे. आले आणि हळद ही दोन्ही पिके गाठीच्या सूत्रकृमीची आवडती आहेत, त्यामुळे साताऱ्याकडे आल्याची आणि सांगलीकडे हळदीची माती पॉलिहाउसमध्ये नेणे टाळलेलेच बरे. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, डाळिंब यांच्या रानांचेही तेच. आल्यावरील जाती बहुतेक इन्कॉग्निटा असते, म्हणून हॅप्लाचा जो अंदाज मी वर मांडला तो आता मला कमकुवत वाटतो. अहवाल आल्यावर कळेल. जातीला व्यवहारात महत्त्व आहे. इन्कॉग्निटा भुईमुगावर वाढत नाही पण कलिंगडावर वाढते. हॅप्लाचे नेमके उलटे आहे आणि ती तृणधान्यांवरही वाढत नाही. वाफे मोकळे केल्यावर मधल्या काळात काय पेरायचे ते त्यावर ठरते. ताग मात्र दोहोंसाठी चालतो.

झेंडूविषयी जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे, पण ते अर्धवट सांगितले जाते. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथिएनिल नावाचे द्रव्य असते आणि मुळात शिरलेल्या सूत्रकृमीला ते मारक ठरते. म्हणजे सूत्रकृमी झेंडूच्या मुळात शिरायला हवी. शेजारी गुलाबाची मुळे उपलब्ध असताना ती झेंडूकडेच जाईल असे नाही, म्हणून वाफ्याच्या कडेला लावलेल्या चार झाडांनी फारसे साधत नाही. डच शेतकरी प्रॅटिलेंकसविरुद्ध झेंडू वापरतात तो रिकाम्या रानात, दाट पेरून, तणही उगवू न देता तीन महिने ठेवतात. आपल्याकडे दसऱ्यासाठी फुले घ्यावीत आणि झाडे नंतर तेथेच गाडावीत, एवढा जोडफायदा मिळू शकतो. उभ्या गुलाबात झेंडू लावल्यास लाल कोळी आणि फुलकिडे यांना नवे घर मिळते, ते वेगळेच.

उभ्या पिकात आता काय करावे? निंबोळी पेंड आणि जैविक बुरशी यांवर मी भर देईन. परप्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी सूत्रकृमीची अंडी आणि बसलेली मादी यांवर वाढते, म्हणजे रासायनिक औषध जेथे पोहोचत नाही तेथे ती काम करते. बाजारातील अनेक पुड्यांवर तिचे जुने नाव, पॅसिलोमायसीस लिलॅसिनस, असते. वस्तू तीच आहे. पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया हीसुद्धा अंड्यांवर जगते. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास मुळांभोवती जागा अडवून मदत करतात. ही पावडर नुसती पाण्यात ढवळून सोडण्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत घेऊन, टनाला प्रत्येकी दोन किलो बुरशी आणि शंभर किलोच्या आसपास निंबोळी पेंड मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत पोत्याखाली पंधरा दिवस झाकावे व मधून एकदा खालीवर करावे. मग ते वाफ्याच्या मधल्या पट्ट्यात, मुळे न तोडता, हलके मिसळावे. त्याच्या आगेमागे पंधरा दिवस बुरशीनाशकाची आळवणी करू नये. एका हाताने बुरशी पेरून दुसऱ्या हाताने ती मारण्याचा प्रकार पॉलिहाउसमध्ये सर्रास चालतो. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि वर्षातून तीन-चार वेळा हे पुन्हा करावे लागते.

रासायनिक औषधांत फ्लुओपायरम आणि फ्लुएन्सल्फोन ही नवी द्रव्ये जुन्यांपेक्षा माणसाला कमी घातक आहेत आणि त्यांचा परिणामही चांगला आहे. मात्र फ्लुएन्सल्फोन मुख्यतः लागवडीपूर्वी मातीत मिसळण्याचे औषध आहे, उभ्या झाडाच्या मुळांशी ते जपून वापरावे लागते. फ्लुओपायरम मूळचे बुरशीनाशक गटातले असल्यामुळे वरील जैविक बुरशीसोबत ते सोडू नये. कोणतेही औषध घेण्यापूर्वी त्याच्या लेबलवर पीक कोणते आणि मात्रा किती हे वाचावे. दुकानदाराने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलेली मात्रा म्हणजे शिफारस नव्हे.

सांगली_गच्चीबाग (विश्रामबाग, सांगली)

माझ्या गच्चीवरील दोन कुंड्यांतील गुलाबांना अशाच गाठी आहेत. कुंडीतल्या झाडासाठी एवढे सारे करावे लागेल का?

आष्टा_पॉलिहाउस (आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली)

ताई, कुंडीचे काम सोपे आहे. झाड आवडीचे असेल तर त्याच्या निरोगी फांदीवरून छाट कलम किंवा डोळा घेऊन नव्या मातीत नवे झाड करावे. सूत्रकृमी मुळांत असते, जमिनीपासून उंचावरच्या फांदीत नसते. जुनी माती दुसऱ्या कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये घालू नये. ती काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून उन्हाळाभर वाळवावी आणि मगच वापरावी. रिकामी कुंडी घासून, उकळत्या पाण्याने धुवावी.

कोरेगावच्या दादांसाठी, वाफे काढावेत की ठेवावेत याबद्दल माझे मत असे. फेब्रुवारीच्या बाजाराआधी काढू नयेत. १४ फेब्रुवारीचा माल धरण्यासाठी डिसेंबरच्या उत्तरार्धात शेंडा खुडावा लागतो. त्या वेळी दाराकडच्या वाफ्यांवर सारख्याच जोराने कात्री चालवू नका. पांढरी मुळी कमी असलेल्या झाडाला जेवढी पाने जास्त तेवढे ते तगते, म्हणून तेथे बेंडिंगची पाने भरपूर राखा, कळ्या कमी धरा, आणि पाणी एकदम जास्त देण्याऐवजी थोडे थोडे, दिवसातून अधिक वेळा सोडा. दुपारी माना टाकल्या म्हणून पाणी वाढविले तर मुळकूज होऊन उरलेली मुळीही जाते. खतांची ईसी (पाण्यातील क्षारांची तीव्रता) त्या वाफ्यांना जरा कमी ठेवता आल्यास उत्तम. त्यासाठी त्यांचा व्हॉल्व्ह वेगळा करून घ्या. त्या निमित्ताने तेथील खुरपी, कात्र्या आणि बादल्याही वेगळ्या होतील. मजुरांनी काम चांगल्या वाफ्यांपासून सुरू करून दाराकडे संपवावे. दार त्याच बाजूला असल्यामुळे आत येताना सगळे तेथूनच जातात, तेव्हा रस्त्यावर वीडमॅट (तण रोखणारे जाड कापड) अंथरा आणि आतली चप्पल आतच ठेवा.

फेब्रुवारीचा माल गेल्यावर ते वाफे अजून ४० सेंटिमीटरवरच असतील तर काढून टाका, कारण पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्यांना ओढत नेण्यात खर्च निघत नाही आणि शेजारच्या वाफ्यांना धोका राहतो. झाडे कापून बुंधा तसाच सोडू नका. मुळासकट, मोठी मुळे शोधून उपसून बाहेर नेऊन जाळा. मातीत राहिलेली जिवंत मुळी सूत्रकृमीला महिनोन्महिने पोसते. त्यानंतर वाफे मोडून माती पसरा, भरपूर ओलावून घ्या आणि एप्रिल-मे महिन्यांत २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद कडा मातीत गाडून सहा आठवडे अंथरून ठेवा. काळा कागद चालत नाही. कागद मातीला चिकटून बसला पाहिजे. मध्ये हवा राहिली की तापमान चढत नाही. पडदे बंद ठेवता आले तर आणखी चांगले, मात्र ठिबकच्या नळ्या आधी काढून घ्या. उन्हाने वरचा वीतभर थर चांगला तापतो, खाली तेवढे ऊन पोहोचत नाही आणि गुलाबाचे मूळ खोल जाते. म्हणूनच वाफा आहे तसा झाकण्यापेक्षा मोडून, पातळ पसरून तापविण्याचा आग्रह आहे. कागद काढल्यावर सरांनी सांगितलेले शेणखत व पेंड मिसळून मगच वाफे बांधा. तापवलेल्या मातीत उपकारक जिवाणूही कमी झालेले असतात, तेव्हा त्या मोकळ्या जागेत आपण सोडलेली बुरशी लवकर बसते.

नवी कलमे जूनमध्ये येतील. गाडी दारात उभी असतानाच प्रत्येक खेपेतील काही कलमे पिशवीतून काढा, मुळे बादलीत धुवा आणि भिंगाने पाहा. एकाही कलमावर गाठ दिसली तर सबंध खेप परत पाठवा. हे आगाऊ रक्कम देतानाच रोपवाटिकेशी लेखी ठरवून घ्या, कारण माल एकदा आत उतरवल्यावर कोणी ऐकत नाही.

कोरेगाव_फुलशेती (कोरेगाव, जि. सातारा)

व्हॉल्व्ह वेगळा करण्याचे काम उद्याच प्लंबरला सांगतो. अहवाल हाती आला की प्रजाती आणि संख्या येथेच कळवीन, म्हणजे मधल्या काळात ताग पेरायचा की झेंडू, हे सरांना विचारता येईल.